रिपोर्टमध्ये ॲसिनेटोबॅक्टर आला. मामाजींना घरी आणायचं का?

वाचकाचा प्रश्न : नागपूरच्या मानेवाडा भागातून एका सुनेचं पत्र आलं आहे. सासरे (घरातले मामाजी) ६८ वर्षांचे, मधुमेही. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर शहरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. मग ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणं) झाली, व्हेंटिलेटर सुटला, आता वॉर्डात आहेत. गळ्यातली नळी, नाकातून पोटात जाणारी, भरवण्याची रायल्स ट्यूब आणि लघवीची पिशवी अजून आहे. चार दिवसांपासून ताप नाही. पण नळीतल्या कफाचा कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू वाढला आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं याची तपासणी) आला : ॲसिनेटोबॅक्टर बॉमनाय. जवळजवळ सगळ्या अँटिबायोटिक औषधांपुढे 'आर' (लागू पडत नाही), मिनोसायक्लिनपुढे 'एस' (लागू पडतं), कोलिस्टिनपुढे 'आय' (मधलं). डॉक्टर म्हणतात अँटिबायोटिकची गरज नाही, दोन दिवसांत घरी न्या. भासरे म्हणतात, दवाखान्यानेच हा जंतू दिला आणि आता अंग काढून घेताहेत. कोलिस्टिन द्यायला लावू, रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय न्यायचं नाही, नाही तर दुसरीकडे हलवू. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. धाकटी जाऊ सहा महिन्यांची गरोदर आहे आणि ती माहेरी जायचं म्हणते. "मामाजींना घरी आणलं तर लेकराला धोका आहे का? आणि नाही आणलं तर आम्ही त्यांना टाकलं असं होईल का?"

ताई,

औषधांच्या नावांपुढे 'आर'ची रांग लागलेला कागद हातात पडला की कोणाचंही काळीज हलतं. तरी त्या कागदाच्या आधी मामाजींकडे बघा. चार दिवस ताप नाही, व्हेंटिलेटर सुटला, श्वास स्वतःचा चालू आहे. तुमच्या पत्रातल्या या ओळी मला रिपोर्टपेक्षा मोलाच्या वाटतात, आणि डॉक्टरांचा निर्णयही बहुधा त्यांवरच उभा आहे.

कल्चर रिपोर्ट एवढंच सांगतो की नळीतून ओढलेल्या स्रावात हा जंतू वाढला. तो फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करतोय, की नळीच्या आतल्या बाजूला ठाण मांडून नुसता बसलाय, हे त्या कागदावरून कळत नाही. प्लास्टिकच्या नळीवर काही दिवसांतच जंतूंचा चिकट थर धरतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. बरेच दिवस ट्रॅकिओस्टॉमी असलेल्या रुग्णाच्या नळीतला नमुना तपासला तर कोणता ना कोणता जंतू बहुतेक वेळा निघतोच. जंतू आहे पण आजार नाही, या अवस्थेला डॉक्टर कॉलोनायझेशन म्हणतात. आजार आहे असं म्हणायला वेगळा पुरावा लागतो : एक्स-रेवर नवा डाग, ताप, कफ अचानक वाढणं आणि पिवळा-हिरवा, घट्ट होणं, ऑक्सिजन जास्त लागणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढणं. यातल्या काही गोष्टी एकत्र दिसल्या तर उपचार करायचे. यातलं काहीच नसेल तर कागदावर उपचार करायचे नसतात.

म्हणून उद्याच्या राउंडला "कोलिस्टिन का देत नाही?" असं विचारू नका. हे विचारा : नमुना नळीतून सक्शनने (कफ ओढून घेणाऱ्या मशीनने) घेतला की ब्रॉन्कोस्कोपीने (दुर्बीण श्वासनळीत घालून)? जंतूंची संख्या मोजली का? (सक्शनच्या नमुन्यात मिलिलिटरला साधारण एक लाख ते दहा लाख किंवा त्याहून जास्त, ब्रॉन्कोस्कोपीने धुऊन घेतलेल्या नमुन्यात दहा हजार किंवा जास्त, अशी संख्या महत्त्वाची मानतात.) ग्रॅम स्टेनमध्ये (नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) पू-पेशी किती होत्या? मागच्या आठवड्याचा आणि आताचा एक्स-रे शेजारी ठेवून दाखवाल का? यांची उत्तरं मिळाली की "गरज नाही" या दोन शब्दांमागचं कारण भासऱ्यांनाही दिसेल. उलट, एक्स-रे काढलेलाच नसेल किंवा पू-पेशी भरपूर असतील, तर डिस्चार्जआधी तो विषय पूर्ण करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. ही शक्यता मी झटकून टाकत नाही. पत्रावरून निदान करता येत नाही, ते पलंगापाशीच होतं.

आता कोलिस्टिन. भासऱ्यांना वाटतं की सगळ्यात तगडं औषध राखून ठेवलंय आणि आपल्या माणसाला देत नाहीत. हे औषध नवं नाही. ते जपानमध्ये १९४०च्या दशकाच्या अखेरीस सापडलं आणि मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून पुढे १९७०-८०च्या काळात जवळपास बाजूला पडलं. मेरोपेनेम, इमिपेनेमसारखी औषधं चालेनाशी झाली म्हणून ते परत काढावं लागलं. ते सुरू केलं की क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर) सतत नजर ठेवावी लागते, आणि मामाजींना मधुमेह आहे, म्हणजे मूत्रपिंडावर आधीच ताण असू शकतो. रिपोर्टमधल्या 'आय'चा अर्थही नीट समजून घ्या. ज्या अमेरिकी मानकांवर आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा चालतात, त्यांनी २०२० साली या जंतूसाठी कोलिस्टिनचा 'एस' हा वर्गच काढून टाकला. जंतू कितीही कमी मात्रेला मरत असला तरी छापून 'आय'च येणार. झेपेल एवढी जास्तीत जास्त मात्रा देऊनही रक्तात, त्यातही फुप्फुसात, औषध पुरेसं पोचेल याची खात्री नसते, हे त्यामागचं कारण. म्हणून 'आय' पाहून "अर्धं लागू पडतंय, डोस वाढवा" असं म्हणून चालत नाही. शिवाय कोलिस्टिनची तपासणी चकतीच्या पद्धतीने केली तर ती भरवशाची नसते, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रवात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रांवर जंतू वाढवून पाहणं, लागतं. कोणत्या पद्धतीने केली हेही विचारून ठेवा.

आणि आजार नसताना कोलिस्टिन दिलंच तर काय होईल? बायोफिल्ममधला जंतू त्याने निघत नाही. संवेदनशील मरतात, चिवट उरतात. आतड्यातले उपयोगी जंतू मात्र जातात. पुढे खरोखर न्यूमोनिया झाला त्या दिवशी हातात औषध उरत नाही. मग औषध लागलंच तर काय देतात? संसर्ग सिद्ध झाला तर तज्ज्ञ बहुधा एकाहून जास्त औषधं एकत्र देतात. त्यात मोठ्या मात्रेतल्या सल्बॅक्टमला महत्त्वाची जागा आहे, कारण इतर औषधांचा जोडीदार म्हणून ओळखलं जाणारं हे रसायन या जंतूला स्वतःही मारतं. मिनोसायक्लिनपुढे 'एस' आहे ही तुमच्या रिपोर्टमधली चांगली बातमी आहे. तो पर्याय शाबूत ठेवा. औषधाच्या दुकानात ओळखीने मिळतं म्हणून त्याच्या गोळ्या आणून घरात ठेवू नका.

या जंतूची ओळख थोडी सविस्तर करून देते, कारण घरी काय करायचं हे त्याच्या स्वभावातूनच ठरतं. ॲसिनेटोबॅक्टरचे बरेच भाऊबंद माती-पाण्यात राहतात आणि कोणाचं काही बिघडवत नाहीत. बॉमनाय ही जात वेगळी ओळखून तिला १९८६ साली नाव दिलं गेलं, आणि तिचा वावर मुख्यतः रुग्णालयांत आहे. धडधाकट माणसाला ती सहसा काही करत नाही. तिला दार लागतं : श्वासाची नळी, सलाइनची सुई, मोठी जखम, भाजलेली कातडी. म्हणून तिला संधिसाधू जंतू म्हणतात. तिची खरी ताकद टिकाव धरण्यात आहे. कोरड्या पृष्ठभागावर बहुतेक जंतू लवकर मरतात, ही मात्र आठवडेच्या आठवडे, काही नोंदींप्रमाणे पाच महिन्यांपर्यंत तग धरते. पलंगाचा कठडा, व्हेंटिलेटरची बटणं, बीपीचा पट्टा, पडदे, मोबाइल. तिथून ती हातावर येते आणि हातावरून पुढच्या रुग्णाच्या नळीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली आणि पुन्हा २०२४ साली कार्बापेनेम गटातल्या (मेरोपेनेम, इमिपेनेम) औषधांना न जुमानणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरला सर्वाधिक तातडीच्या यादीत ठेवलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या अलीकडच्या अहवालांत या जंतूचे दहापैकी आठांहून जास्त नमुने मेरोपेनेमला दाद देत नाहीत. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधली 'आर'ची रांग दुर्दैवाने नेहमीची आहे. मामाजींच्या वाट्याला काही जगावेगळं आलेलं नाही.

यावरून "दवाखान्यानेच दिला" या आरोपाकडे या. दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर लागलेला संसर्ग रुग्णालयातला धरतात, आणि अकरा दिवस व्हेंटिलेटरवर असताना आलेला हा जंतू तिथलाच असणार यात फारशी शंका नाही. पण जंतू तिथून येणं वेगळं आणि हलगर्जीपणा सिद्ध होणं वेगळं. हात स्वच्छ होत होते का, पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली होती का, नळी लवकर काढण्याचा प्रयत्न रोज होत होता का, संसर्ग झालेले रुग्ण वेगळे ठेवले होते का, हे त्यासाठी पाहावं लागतं. इन्फेक्शन कंट्रोल नर्सना भेटा आणि व्हेंटिलेटरच्या दर १००० दिवसांमागे न्यूमोनियाचं प्रमाण किती आहे ते विचारा. चांगली रुग्णालयं हा आकडा ठेवतात. केसपेपरच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. ग्राहक आयोगाकडे जायचं ठरलं तर दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे भासऱ्यांचा राग रास्त असला तरी तो या दोन दिवसांत निकाली काढायची घाई नाही. या दोन दिवसांत तुम्हाला त्याच वॉर्डातल्या सिस्टरकडून सक्शन शिकून घ्यायचं आहे, आणि भांडणाच्या वातावरणात ते शिकणं होत नाही.

राहिला निगेटिव्ह रिपोर्ट. नळी आहे तोवर हा जंतू आठवडे-महिने राहू शकतो. एक रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पुढचा पॉझिटिव्ह. घरी सोडण्यासाठी निगेटिव्ह कल्चरची अट वैद्यकशास्त्र घालत नाही, कारण त्याने रुग्णाचं भलं होत नाही. तिथे राहिलेला प्रत्येक दिवस क्लेब्सिएला, स्यूडोमोनास अशा इतर जंतूंना संधी देतो, आणि बिल वाढतं ते वेगळं. दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं तर तिथे असं कोणतं उपचाराचं साधन आहे जे इथे नाही, हे आधी कागदावर लिहा. लिहिता आलं नाही तर हलवू नका. २००३ नंतर इराकमधून जखमी अमेरिकी सैनिक परतले तेव्हा हा जंतू तिथल्या मातीतून जखमेत गेला असं आधी वाटलं होतं. तपासात तो फील्ड हॉस्पिटलच्या पृष्ठभागांवर सापडला, आणि रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवले गेले तसा तोही पसरला. आपल्या शहरात गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून दोन-तीन ठिकाणी थांबत रुग्ण येतात. अशा वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे : हलवावं लागलं तर आधीचा कल्चर रिपोर्ट लपवू नका. "सांगितलं तर घेणार नाहीत" या भीतीने तो फाइलमधून काढून ठेवला जातो. मग नवा रुग्ण वेगळा न ठेवता रांगेतल्या मधल्या पलंगावर जातो, आणि शेजारच्याला लागण होते.

तेव्हा डॉक्टरांनी तुमच्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली तर मामाजींना घरी आणा. मुलाला धोका आहे का? निरोगी तीन वर्षांच्या मुलाला तो फार कमी आहे. आजोबांच्या खोलीत यावं, हात धरावा, गोष्टी सांगाव्यात. निघताना साबणाने हात धुवायचे. सक्शन चालू असताना खोलीबाहेर, मशीनला हात नाही, पलंगावर बसून खाणं नाही. जाऊबाईंना केवळ गरोदरपणामुळे या जंतूचा वेगळा धोका असल्याचं मानलं जात नाही. त्यांनी सक्शन आणि सक्शन मशीनची कफाची बरणी धुण्याची कामं करू नयेत, एवढं पुरे. माहेरी जायचं असेल तर विश्रांतीसाठी जावं, भीतीपोटी नको. बाळ वेळेआधी जन्मलं आणि काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर मात्र काळजी वाढवायची, कारण कमी वजनाच्या बाळांमध्ये हा जंतू गंभीर आजार करतो. मामाजींची सक्शन करणाऱ्या व्यक्तीने तेव्हा त्या विभागात जाऊ नये आणि घरातल्या रुग्णाची माहिती तिथल्या डॉक्टरांना द्यावी. हातावर उघडी जखम किंवा इसब असलेलं, डायलिसिसवर असलेलं, केमोथेरपी किंवा मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असलेलं कोणी घरात असेल, तर त्यांनाही सक्शन करायला लावू नका.

निघण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा : यातली कोणती नळी आजच काढता येईल? लघवीची नळी बहुतेक वेळा केवळ सोयीपोटी राहून जाते. ती काढून डायपर किंवा कंडोम कॅथेटरवर भागत असेल तर संसर्गाचं एक दार कायमचं बंद होतं. ती ठेवावीच लागली तर पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता. ताप नसताना त्या पिशवीतल्या लघवीचं कल्चर कोणी सुचवलं तरी करू नका. जंतू निघणार, औषध सुरू होणार आणि तुम्ही पुन्हा याच कागदापाशी येणार.

घरातल्या किमान दोघांनी सिस्टरसमोर प्रत्यक्ष सक्शन करून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. नुसतं बघून हे येत नाही. कॅथेटरचा (कफ ओढायच्या बारीक नळीचा) नंबर काढायचा तर गळ्याच्या नळीच्या आकड्यातून दोन वजा करून दुप्पट करायची : ८ नंबरच्या नळीला १२चा कॅथेटर, ७च्या नळीला १०चा. जाड कॅथेटर घातला तर बाजूने हवा जायला जागा राहत नाही, फुप्फुसातली हवा ओढली जाते आणि ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. मशीनचा दाब १०० ते १२० एमएमएचजी (mmHg) ठेवा, १५०च्या वर कधीच नाही. आत जाताना ओढायचं नाही, बाहेर येताना ओढायचं, आणि एका वेळी दहा सेकंद, फार तर पंधरा. कफ घट्ट आहे म्हणून प्रत्येक वेळी नळीत सलाइन ओतण्याची सवय लावू नका, त्याने वरची घाण खाली उतरते. तोंडात घातलेला कॅथेटर पुन्हा गळ्याच्या नळीत घालायचा नाही. ही चूक घरोघरी होते, कारण एक कॅथेटर वाचतो. आधी गळा, मग तोंड, मग तो कॅथेटर कचऱ्यात. वापरलेले कॅथेटर आणि हातमोजे दुहेरी पिशवीत बांधून वेगळे द्या, सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत.

हात हा सगळ्याचा गाभा आहे. या जंतूवर अल्कोहोलचं हँडरब चांगलं काम करतं. हात भरून घ्या आणि २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत चोळा. हाताला कफ लागला असेल तर हँडरब उपयोगाचं नाही, साबण-पाणी लागतं, ४० ते ६० सेकंद. अंगठी आणि मनगटावरचा दोरा काढून ठेवा, त्यांच्याखाली हात धुतलाच जात नाही. धुतल्यावर पदराला किंवा ओढणीला हात पुसले की सगळं वाया. हातमोजे घातले म्हणून हात धुणं टळत नाही. मोजे घालण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा धुवायचे. सक्शन चालू असताना मोबाइल वाजला तर वाजू द्या. बाहेरून अटेंडंट लावलात तर तो सकाळी दुसऱ्या रुग्णाकडून आलेला असू शकतो. दारातच हात धुवायला लावा, एक ॲप्रन तुमच्याच घरी ठेवा. यात त्याचा अपमान नाही, हे आधी मोकळेपणाने बोलून घ्या.

सक्शनची बरणी रोज, किंवा दोन तृतीयांश भरली की, संडासात रिकामी करायची. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये किंवा हात धुण्याच्या बेसिनमध्ये अजिबात नाही. मोरीच्या ओल्या पाइपात असे जंतू घर करतात आणि नळ सोडला की शिंतोड्यांतून परत वर येतात. आधी डिटर्जंटने घासा, मगच हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण). घाण तशीच असताना टाकलेला क्लोरीन घाणीवरच खर्च होतो. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर बरणीसाठी १०० मिली द्रावण आणि ९०० मिली पाणी, म्हणजे ०.५ टक्का. पलंगाचे कठडे, स्टूल, दाराची कडी यांसाठी २० मिली द्रावण एक लिटर पाण्यात, म्हणजे साधारण ०.१ टक्का. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा, नाही तर लोखंड गंजतं. द्रावण रोज ताजं करा. आपल्या उन्हाळ्यात बाटली खिडकीत राहिली तर क्लोरीन उडून जातो आणि उरतं नुसतं खारट पाणी, म्हणून ती अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये हे द्रावण कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू गळ्यात नळी असलेल्या माणसाला थेट फुप्फुसात लागेल.

पाण्याबद्दल घराघरांत एक गैरसमज असतो : आरओचं पाणी म्हणजे निर्जंतुक. तसं नाही. फिल्टरच्या टाकीत आणि नळ्यांत जंतू वाढतात. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमध्ये निर्जंतुक पाणी किंवा चांगलं उकळून झाकून गार केलेलंच पाणी वापरा. कमी झालं म्हणून वरून ओतू नका. रोज पूर्ण ओतून टाका, धुवा, वाळवा, मग भरा. नेब्युलायझरचा कप प्रत्येक वापरानंतर उकळलेल्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडावर उपडा वाळवायचा, आणि उत्पादक परवानगी देत असेल तर रोज एकदा पाच मिनिटं उकळायचा. वाळवणं राहिलं तर धुण्याचा निम्मा उपयोग गेला. नळीच्या तोंडावर लावायचं फिल्टर, ज्याला काही जण कृत्रिम नाक म्हणतात, ते रोज आणि कफाने भरलं की लगेच बदला.

आणि कूलर. नागपुरात मे महिन्यात रुग्णाला कूलरशिवाय ठेवा असं मी सांगणार नाही, ४५ अंशांची उष्णता त्यांच्यासाठी जंतूपेक्षा मोठा धोका आहे. पण कूलरची टाकी म्हणजे साचलेलं कोमट पाणी, आणि गळ्याच्या नळीतून जाणाऱ्या हवेला नाकाची गाळणी मिळत नाही. एसीची सोय असेल तर त्यांच्या खोलीत तो लावा, जाळी दर आठवड्याला धुवा. नसेल तर कूलर बाहेरच्या खोलीत ठेवून हवा आत येऊ द्या, झोत पलंगावर नको. हंगामाच्या सुरुवातीला पॅड नवे घाला. टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून, घासून, उन्हात कोरडी करा. डेंग्यूसाठी आठवड्यातून एकदा सांगतात, इथे त्याहून जास्त हवं. तेच ऊन तुमच्या बाजूचंही आहे : चादरी, उशांचे अभ्रे न झटकता गोळा करा, गरम पाण्यात धुवा आणि दिवसभर गच्चीवर वाळत घाला.

बाकी रोजचं. पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर, रायल्स ट्यूबने भरवताना आणि त्यानंतर अर्धा ते एक तास तसंच, कारण पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं तर कोणताही जंतू न्यूमोनिया करेल. दात-जीभ दिवसातून दोनदा घासून द्या. दर दोन तासांनी कूस बदला. पातळ आहार ताजा करा, उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. साखर आटोक्यात ठेवा. उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटरीचं किंवा पायाने चालणारं सक्शन मशीन आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी हवी. त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दोन नळ्यांची जोडी पलंगाशेजारी टांगून ठेवा, आणि नळी निघून आली तर काय करायचं हे डिस्चार्जआधी सिस्टरकडून हातांनी शिकून घ्या.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, ऑक्सिजन नेहमीपेक्षा तीन-चार टक्क्यांनी उतरून सक्शननंतरही वर आला नाही, श्वास मिनिटाला २४च्या वर गेला, कफाचं प्रमाण आणि रंग एकदम बदलला, लघवी कमी झाली किंवा मामाजी नेहमीपेक्षा गुंगीत वाटले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. घरी उरलेलं कोणतंही अँटिबायोटिक सुरू करू नका, त्याने नवं कल्चर बिघडतं. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत जा किंवा खासगीत, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की गळ्यात नळी आहे आणि आधी ॲसिनेटोबॅक्टर निघाला होता. तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा. १०८ला फोन करतानाही नळीचं आधी सांगा, म्हणजे गाडीत सक्शनची तयारी होते.